बी टॉवरमधले पन्नास जपानी

पोलीस माझ्यासाठी आले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. ते सुजयसाठी आले होते. माझं नाव नंतर निघालं आणि तेही मीच काढलं. पण आमच्या गावाला, नागपूरकडे पवनीला, बातमी पोचली ती अशी, की प्रेमलाबाई गजभियेंना गाझियाबादमध्ये अटक झाली. माझ्या धाकट्या जावेचा फोन आला, "जय भीम ताई, जामीन झाला का?" आवाजात काळजी कमी आणि उत्साह जास्त. मी म्हटलं, "नाही गं, अजून बेड्या आहेत, म्हणून फोन खांद्यात धरलाय." तिने ते खरं मानलं आणि पुढे तीन घरी सांगितलं.

आता बघा, दोष माझा आहे. मला साधी गोष्ट साधी सांगता येत नाही. भाजी जळली तर मी भाजीच सांगत नाही, खाली अग्निशमन दलाचा बंब आला होता म्हणून सांगते. पण आज जे सांगणार आहे त्यातलं एक न एक अक्षर खरं आहे. हसू नका. अक्षरांचीच गोष्ट आहे.

झालं असं, की माझी नात श्रावस्ती नर्सिंग करून जपानला निघाली. म्हणजे निघायची होती. तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम. नोएडाला एक क्लास आहे, तिथे भाषा शिकवतात आणि ऑक्टोबरात बॅच पाठवतात. पोरीने भाषा उचलली छान. सकाळी ब्रश करतानासुद्धा जपानी बोलायची, तोंडात फेस असताना तर फारच अस्सल वाटायची. पण एके रविवारी बघते तर डोळे सुजलेले.

"काय झालं गं?"

"आजी, अक्षरं येतात. लाइनमध्ये येत नाहीत."

"मग गाझियाबादचीच दिसतात."

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं, मामला गंभीर आहे.

त्यांच्या क्लासला शिकवणाऱ्या बाई म्हणजे सेन्सेई. जपानहून आलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, स्वतः तीस वर्षं नर्स होत्या. त्यांचं म्हणणं असं, की आश्रमात आजीआजोबांच्या फायली, औषधांचे खण, चपलांचे कप्पे, सगळं अक्षरांच्या क्रमाने लावलेलं असतं. कोणतं अक्षर कोणाच्या आधी, हे झोपेतसुद्धा आलं पाहिजे. येत्या शनिवारी परीक्षा. वीस फायली, पाच मिनिटं, मोबाइल वर्गाबाहेर. तीनपेक्षा जास्त चुकल्या तर ऑक्टोबरची बॅच विसरायची.

"एवढं काय त्यात?" मी म्हटलं.

"सेन्सेई म्हणतात, एक फाइल चुकली तर एका आजोबांची गोळी दुसऱ्या आजोबांच्या पोटात जाते."

मला ती बाई न बघताच आवडली. मी स्वतः बीपीची गोळी घेते.

तर आता क्रम पाठ करायचा. सोसायटीत बातमी फुटायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरतात. समोरच्या फ्लॅटमधली मीनाक्षी योगा शिकवते. ती म्हणाली, रात्री सात बदाम भिजवा, सकाळी उत्तरेकडे तोंड करून खायला द्या. तळमजल्यावरचे त्यागीजी आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "माताजी, बच्ची को उल्टा याद कराओ, सीधा अपने आप हो जाएगा. मेरे भांजे ने पूरा इनकम टैक्स का कानून उल्टा याद किया था."

"अच्छा? अब क्या करता है?"

"अब दुकान पे बैठता है," ते म्हणाले आणि तिसरा मजला त्यांचा नसतानाही तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

मग मी स्वतः डोकं चालवलं. ओळींची पहिली अक्षरं अशी होती: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. मी वाक्य केलं, "आमचे काका सासुरवाडीला ताक नेतात, हसत मामी येतात, राग वाढतो." काय बिघडलं या वाक्यात? पण पोर दिल्लीत वाढलेली.

"आजी, सासुरवाडी म्हणजे?"

सांगितलं.

"मग काका ताक का नेतात? तिथे मिळत नाही?"

आता याचं कारण द्यायचं म्हणजे काकांचा स्वभाव सांगायला हवा. तो सांगितला. मामींचा आणि काकांचा जुना वाद सांगितला, त्यात एक म्हैस होती, तीही सांगितली. तासाभराने पोरीला म्हैस पाठ होती, मामी पाठ होती, अक्षरं होती तिथेच.

त्या दुपारी मी तिचा तक्ता घेऊन बसले. दहा ओळी. प्रत्येक ओळीत पाच घरं: आ, ई, ऊ, ए, ओ. सगळी मिळून पन्नास. ते जपानी लोकसुद्धा त्याला पन्नास आवाजच म्हणतात. मी बघत राहिले. मग उठून बाल्कनीत गेले, वाकून खाली बघितलं, मान वर करून वर बघितलं. चष्मा पुसून परत मोजलं. आमचा बी टॉवर तळमजला धरून दहा मजल्यांचा. प्रत्येक मजल्यावर पाच फ्लॅट.

तुमची शपथ, माझ्या अंगावर काटा आला. बिल्डरने आयुष्यात एक काम बरोबर केलं होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं.

इथून पुढे तुम्ही म्हणाल, बाई रचते आहे. म्हणा. य च्या ओळीत त्यांच्याकडे पाच अक्षरं नाहीत, तीनच आहेत. दुसरं आणि चौथं घर रिकामं. आमच्या सातव्या मजल्यावर ७०२ चे लोक दुबईला, कुलूप. ७०४ वर कोर्टात केस, कुलूप. शेवटच्या व च्या ओळीत फक्त पहिलं आणि पाचवं घर भरलेलं. आमच्या नवव्या मजल्यावर ९०२ आणि ९०४ विकलेच गेले नाहीत. राहता राहिला ९०३. तिथे सुजय राहत होता, पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटरवाला, घरातूनच नोकरी करायचा. त्याच्या दाराला अक्षर उरलं नाही. म्हटलं, पन्नासात एवढं चालायचंच. आणि सगळ्यांच्या शेवटी एक अक्षर उरतं, नुसता नाकातला आवाज, न् सारखा. त्याला ओळ नाही, घर नाही. ते मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला दिलं.

माझ्याकडे शिंप्याचा निळा खडू होता. मी पन्नास वर्षं ब्लाउज शिवलेत, नक्षी उतरवायला मला भाषा लागत नाही. सोमवार-मंगळवार, दोन दुपारी सोसायटी झोपलेली असताना मी प्रत्येक दारापाशी, बेलच्या खाली, बोटभर अक्षर काढलं. एक होतं मासा धरायच्या गळासारखं. एक नुसती टेकडी. एक तर जिलेबी घालता घालता कोणी हाक मारल्यासारखं अर्धवट सोडलेलं. काय सुंदर अक्षरं हो! मी एकेकासमोर उभी राहून बघत होते, एवढीशी खूण आणि तिकडे समुद्रापलीकडे कुणीतरी ती बघून तोंड उघडतं.

परवानगी? परवानगी मागितली असती तर त्यागीजींना नाही म्हणायची संधी मिळाली असती. मला त्यांना त्रास द्यायचा नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी श्रावस्तीला जिन्याने चढवलं. प्रत्येक मजल्याला मी एक गोष्ट दिली. पोर चढत गेली, घोकत गेली, न च्या मजल्यावर, म्हणजे आमच्याच चौथ्या मजल्यावर, पोचेपर्यंत पंचवीस अक्षरं एका दमात. तिने मला मिठी मारली. "आजी, तू जीनियस आहेस!" मी म्हटलं, हे मला पूर्वीपासून माहीत आहे, पण तू सांगितलंस ते बरं केलंस.

बुधवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला फोटो पडला. गळासारख्या अक्षराचा. खाली लिहिलं होतं: "सावधान! चोर गैंग घरों पर निशान लगा गया है."

दहा मिनिटांत चाळीस फोटो. श्रावस्ती क्लासला, फोन बंद. माझा मुलगा विनय दिल्लीला मंत्रालयात, मीटिंगमध्ये. मी ग्रुपवर नाही, कारण मी पाठवलेल्या बातम्यांमुळे मला दोनदा काढलं गेलंय. मला कळलं ते मीनाक्षी धावत आली तेव्हा.

"आंटीजी, हमारे दरवाज़े पे भी है! इसका मतलब क्या होगा?"

इथे मी सरळ सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तिचे डोळे एवढाले झाले होते हो. असे डोळे समोर असले की माझा तोल जातो.

"बेटा," मी आवाज खाली आणला, "हमारे पवनी में एक बार ऐसा ही हुआ था. गोल निशान मतलब घर में कुत्ता. लंबा निशान मतलब आदमी बाहर. और जिस घर पे कोई निशान नहीं," मी जरा थांबले, "वो घर उन्हीं का आदमी."

म्हटलं, संध्याकाळी सगळे जमले की फोडू, हसू, चहा करू. मीनाक्षी गेली. मी डाळ टाकली.

चार वाजता खाली पोलिसांची गाडी.

मी खाली पोचले तेव्हा सुजय अर्ध्या चड्डीत, गळ्यात हेडफोन लटकलेला, दोन शिपायांच्या मध्ये उभा. भोवती अर्धी सोसायटी. मोठा शिपाई विचारत होता, "पूरी बिल्डिंग में निशान है, तेरे पे क्यों नहीं है?"

"सर, मेरे को क्या पता? मैं तो मीटिंग में था! अभी भी मीटिंग में हूँ!" आणि खरंच त्या हेडफोनमधून कुणीतरी बारीक आवाजात "सुजय? सुजय?" करत होतं.

त्यागीजी म्हणाले, "अनुभवी लोगों का कहना है कि जिस घर पे निशान न हो, वो गैंग का आदमी होता है."

अनुभवी लोक! म्हणजे मी. डाळीच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत माझी गोष्ट चौथ्या मजल्यावरून पोलीस चौकीपर्यंत पोचली होती. एरवी मला अभिमान वाटला असता. पण त्या पोराचं तोंड बघितलं, पांढरं फटक. त्याची आई तिकडे पुण्यात. तिला कुणी फोन केला असता तर?

मी पुढे झाले. "साहब, इसका कोई कसूर नहीं. इसके घर पे निशान इसलिए नहीं है, कि जपानी में इसका घर ही नहीं है."

शिपाई माझ्याकडे बघत राहिला. "क्या नहीं है, माताजी?"

मग मी खिशातून, म्हणजे ब्लाउजमधून, निळा खडू काढला. सगळं सांगितलं. दहा मजले, पाच घरं, रिकामी कुलपं, नाकातला आवाज. त्या शिपायाने तक्ता मागितला. मग तो स्वतः दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन तपासून आला आणि टोपी काढून म्हणाला, "कमाल है. दुबई वाला भी सही बैठ रहा है." जाताना त्याने आपलं नाव जपानीत लिहून मागितलं. मी दिलं. काय दिलं ते जपान्यांनाच ठाऊक.

पोलीस गेले, पण त्यागीजी होते. "माताजी, यह कॉमन एरिया है."

"त्यागीजी, आपका घर सबसे पहला अक्षर है. अ. आपके बिना जपान शुरू नहीं होता."

त्यांचा राग निम्मा उतरला, पण पूर्ण नाही. ऑफिसात नेलं. लेखी माफी हवी. पण भिंतीवर लिहिलं म्हणून माफी, असा फॉर्म सोसायटीकडे नाही. जागरणाचा आहे, लग्नाच्या मांडवाचा आहे, गच्चीवर पापड वाळवायचा आहे. सेक्रेटरीने अर्धा तास फाइल उलटीपालटी केली आणि शेवटी त्यातल्या त्यात जवळचा काढला: पाळीव प्राण्याने सामायिक जागेत केलेली घाण. "माताजी, इसी में कर देते हैं." मालकाचं नाव, विनय गजभिये. जनावराचं नाव, प्रेमला. जात, तिथे त्याने विचार करून 'देसी' लिहिलं. लसीकरण झालंय का? मी म्हटलं, कोरोनाचे तीन. सही केली. माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी अनेक कागदांवर सह्या केल्या, पण अशी शेपूट हलवत कधी केली नव्हती.

शिक्षा: चोवीस तासांत सगळ्या भिंती पुसून द्यायच्या.

श्रावस्ती घरी आली ती गेटवरच सगळं ऐकून. आली आणि दारात उभी राहिली.

"आजी, तू सुजयदादाला चोर बनवलंस."

"अगं, गंमत..."

"तुझी नेहमीच गंमत असते. मी तिसरीत होते तेव्हा तू सांगितलंस, आजोबांबरोबर बिबट्या रेल्वेत बसून नागपूरहून दिल्लीला आला, तिकीट काढून. मी ते शाळेत सांगितलं. आठवीपर्यंत मला बिबट्या म्हणत होते. तुला माहितीय?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं हो.

"मला ती अक्षरं तुझ्या गोष्टींत नकोत. मी माझी करीन." दार लागलं.

तर परीक्षेला दोन दिवस. पोरीला अर्धीच अक्षरं येत होती, तीही मी पुसायला निघाले होते.

गुरुवारी दुपारी बादली आणि फडकं घेऊन मी तळमजल्यापासून सुरुवात केली. लिफ्ट दुरुस्तीला बंद. बहुतेक मुद्दाम. कवळी मी काढून वाटीत ठेवली होती, उन्हाळ्यात मला ती टोचते. पहिल्या मजल्यावर कुणीतरी बादली उचलली. बघते तर सुजय.

"अरे, तू कशाला?"

"आजी, तुम्ही काल सांगितलं नसतं तर मी आत असतो. द्या इकडे." मग म्हणाला, "पण एक विचारू? मला एकट्यालाच अक्षर नाही, हे मला नाही आवडलं."

मी पुसत होते. पाठ दुखायला लागली की माणूस काहीतरी गुणगुणतं. मी गुणगुणले ते आमच्या पवनीच्या शाळेतलं. गुरुजी रुळाने टेबल वाजवायचे आणि आम्ही ओळींचे म्होरके म्हणायचो: क, च, ट, त, प, य, र, ल, व. तळमजला पुसला, अ. पहिला मजला, क. दुसऱ्यावर भिंतीवर होता स आणि माझ्या बिनदाताच्या तोंडातून च निघाला तो स सारखाच निघाला. मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्यावर त. चौथ्यावर न, त च्या ओळीतलं शेपूट. पाचव्यावर भिंतीवर होता ह. माझ्या तोंडून प निघाला, पण ओठांना मागे दातांचा आधार नाही, तर तो फुस्स करून ह च झाला. सहाव्यावर म, प च्या ओळीतलं शेपूट.

आणि मग सातव्याच्या जिन्यावर, अजून भिंत दिसत नव्हती, तोच माझं तोंड आपोआप म्हणालं, य.

वर जाऊन बघितलं. य.

मी न बघता म्हटलं, र. आठवा मजला. र.

व. नववा.

मी पायरीवरच बसले. फडक्यातून पाणी साडीवर ठिबकत होतं.

"आजी, चक्कर आली का?"

"सुजय," मी म्हटलं, "ही तर माझीच अक्षरं आहेत."

सांगते, त्या क्षणी मला काय वाटलं ते. अ, इ, उ, ए, ओ. फ्लॅट एक ते पाच. तेही आपलेच, ओळीने. क च्या घरात ख, ग, घ ही भावंडं असणारच, पण दारावर पाटी फक्त थोरल्याची. च च्या जागी स बसलाय, प च्या जागी ह, ट नाही, ल नाही, पण रांग तीच. पवनीच्या कौलारू शाळेत अनवाणी पोरं जी रांग ओरडत होती, तीच रांग समुद्रापलीकडे आजोबांच्या औषधांच्या खणांवर. ती तिकडे गेली कशी? कोणी नेली? खडू घेऊन एकदा गेले ते सोडलं तर मी गेली दोन वर्षं गच्चीवर जायचं टाळते गुडघ्यांमुळे, पण त्या दिवशी कशी वर पोचले मला कळलं नाही. टाकीवरचा तो नाकातला आवाज बघितला. सगळ्यांच्या वर, एकटा. आपण अक्षराच्या डोक्यावर अनुस्वाराचं टिंब देतो ना, तसा. तो मी पुसला नाही. मन झालं नाही.

सुजय सगळं ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "आजी, कालच तुम्ही कुत्र्याचं गोल निशाण सांगितलं होतं."

बघा! आयुष्यभर रचलं ते सगळ्यांनी खरं मानलं आणि पहिल्यांदा खरं सापडलं तर साक्षीदाराला कुत्रा आठवला.

रात्री जेवताना मी श्रावस्तीला म्हटलं, "एक सांगते. हे खरं आहे." माझा आवाज मलाच खोटा वाटला. खरं बोलायची सवय नसली की असं होतं. तरी सांगितलं. ती ताटाकडे बघत राहिली.

"आजी, प्लीज. परवा परीक्षा आहे."

"विश्वास ठेवू नको. फक्त एकदा म्हणून बघ."

"मला ते क ख ग येत पण नाही लाइनने! हिंदीचा पेपर झाला, विसरले." ती उठली, आत गेली, दार लावलं.

विनय समोरच जेवत होता. माझा हा मुलगा मंत्रालयात काम करतो, पुरावा असल्याशिवाय मीठसुद्धा वाढून घेत नाही. "आई," तो म्हणाला, "मला नाही पटत. जपानचा काय संबंध?" मग त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. परत मोजलं. विनय पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला. त्याने हात धुतले, पोरीच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहिला आणि बावन्नाव्या वर्षी, मंत्रालयाचा सेक्शन ऑफिसर, शाळेच्या चालीवर मोठ्यांदा म्हणायला लागला, "क, च, ट, त, प! य, र, ल, व!" आतून आवाज आला, "पप्पा, पागल झालात का?" त्याने सात-आठ वेळा म्हटलं. मग त्याला ऑफिसचा फोन आला.

शनिवारी पोर न बोलता गेली. मी पायाला हात लावून घेतला नाही, उगाच डोकं फिरायचं. अकरा वाजता मीनाक्षी आली, बदाम घेऊन. साडेअकराला सुजय. बाराला त्यागीजी, "ऐसे ही, इधर से जा रहा था," चौथ्या मजल्यावरून. सगळे माझ्या बैठकीत बसून फोनकडे बघत. टॉवरमधल्या सगळ्यांचा आता त्या परीक्षेत वाटा होता, एक सुजय सोडला तर सगळ्यांच्या दारावर एक दिवस का होईना अक्षर होतं.

सव्वाबाराला वाजला. विनयने स्पीकरवर टाकला.

"आजी आहे का तिथे?"

"आहे."

"आजी, वीसपैकी अठरा."

मीनाक्षीने किंकाळी मारली. त्यागीजी म्हणाले, "उल्टा याद किया होगा." मी हाताने सगळ्यांना गप्प केलं, कारण पोर अजून बोलत होती आणि तिचा आवाज वेगळा होता.

"पहिल्या दहा लावल्या, मग एकदम सगळं ब्लँक झालं. म च्या पुढे काय, आठवेना. दोन मिनिटं उरली होती. आणि पप्पांचा तो भयंकर आवाज ऐकू आला. क, च, ट, त, प. य, र, ल, व. मी मनातल्या मनात म्हणत गेले आणि हात चालत गेले. सेन्सेईंनी विचारलं, मध्येच एवढा वेग कसा आला? मी म्हटलं, माझी आजी म्हणते हा क्रम आमच्याकडचा आहे. सगळा वर्ग हसला, आजी."

मी डोळे मिटले. म्हटलं, झाला परत बिबट्या.

"सेन्सेई नाही हसल्या. उठल्या. फळ्यावर त्यांनी आपली, भारतातली अक्षरं काढली, जुन्या पद्धतीची, ओळीने. म्हणाल्या, हजार वर्षांपूर्वी आमचे भिक्षू भारतातली अक्षरं शिकत होते, मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून. त्यांनी आमचे आवाज त्या रांगेत बसवले. आमचा ह तेव्हा प होता, म्हणाल्या, हळूहळू ओठ सैल पडत गेले. स सुद्धा बहुतेक च सारखा होता. आणि मग त्यांनी मला वाकून नमस्कार केला. म्हणजे मला नाही. म्हणाल्या, हा घरी पोचव."

मीनाक्षीने हातातले बदाम खाली ठेवले.

"त्यांनी विचारलं, आजींना हे कोणी शिकवलं? मी काय सांगणार होते? मी म्हटलं, आमची आजी कवळी काढून जिना पुसत होती." तिला हसू आलं, मग रडू आलं. "आजी, तू खरं बोलत होतीस. मी ऐकलं नाही. बोल ना काहीतरी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मीनाक्षीचे डोळे तसेच एवढाले. एरवी अशा वेळी माझ्या तोंडात तीन-तीन वाक्यं तयार असतात. पण मला दिसत होते ते भिक्षू. चालत, मग होडीत, काखेत पोथ्या. पाऊस लागू नये म्हणून पोथी चिवरात गुंडाळलेली, स्वतः भिजलेले. आणि माझी श्रावस्ती, त्याच वाटेने, ऑक्टोबरात, विमानात. यात काय वाढवून सांगायचं? आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचलं नाही. मी फोनसमोर हात जोडले. तिला काय दिसणार, व्हिडिओ कॉल नव्हता, पण विनयने सांगितलं, "आजीने नमस्कार पोचला म्हणून सांगितलंय."

त्यानंतर टाकीवरचं अक्षर पुसलं का म्हणून त्यागीजींनी एकदाही विचारलेलं नाही. उलट तळमजल्यावर त्यांच्या बेलच्या खाली परवा कुणीतरी नवीन, पक्क्या रंगात, अ काढलाय. सुजयने आपल्या दारावर निळ्या खडूने एक अक्षर स्वतःचं स्वतः बनवून घेतलंय. जपानात नसेल, आमच्या टॉवरमध्ये आहे.

आणि मी? मी सुधारले, असं विनयला वाटतं. आठवडाभर मी अगदी जसं घडलं तसंच सांगत होते. कालच फक्त मीनाक्षीला म्हटलं, की त्या भिक्षूंना शिकवणारे जे मूळ गुरुजी होते ना, ते आमच्या पवनीचे. रुळाने टेबल वाजवायचे.